पारा किती

सुट्टीतला जादा वर्ग, रात्रीचे आठ.
इतवारीतल्या शाळेची भिंत अजून तव्यासारखी,
कूलरमध्ये पाणी नाही, नुसता आवाज.
बाकांवर सतरा जण, सगळे कामावरून आलेले.
सर्वांत मोठ्या बेबीताई निनावे :
अठ्ठावन्न वय, घरी हातमाग, यंदा दहावी.

फळ्यावर लिहिलं, आज पारा किती?
अठ्ठेचाळीस, चौकातल्या पाटीवर.
पंचेचाळीस पूर्णांक दोन, रेडिओवर.
पन्नास, भाच्याच्या मोबाइलवर, फोटोसकट.
"बावन जी! आमच्या गल्लीत
उडता उडता कावळा पडला."

कावळा कोणी पाहिला?
शेजाऱ्यानं.
शेजाऱ्याला कोणी सांगितलं?
मग बराच वेळ एकटा कूलर बोलत राहिला.

मी म्हणाले, विचारा :
यंत्र सावलीत होतं की उन्हात,
वाचलं कोणी, किती वाजता,
आणि पारा चढला की
कोणाचं दुकान चालतं?

मागच्या बाकावर प्रज्वल धकाते
मान खाली घालून हसला.
"चौकातली पाटी आमच्या सेठची आहे, मॅडम.
रोज सकाळी दोन डिग्री मीच वाढवतो.
लोकं लागलीच खस बदलायला येतात."
"खरं बोलला ना बाप्पा," कोणीतरी म्हणालं.
"काहून? आता खरं बोलून राहिला कशावरून?"
हा प्रश्न मी फळ्यावर उतरवून घेतला.

मग, घड्याळाकडे बघत, घाईनं एक वाक्य दिलं :
नाव नाही, गाव नाही, तारीख नाही,
अशा निनावी गोष्टीवर विश्वास ठेवू नये.

"मंग माझं कसं जी?" बेबीताई उठल्या.
वर्ग हसला. त्याही हसल्या.
मग हसता हसता थांबल्या.

"आमच्या यायले ऊन लागलं होतं.
मागावरच पडले, दुपारी.
कागद आला, हृदयक्रिया बंद.
सही होती, शिक्का होता, तारीख होती.
फक्त ऊन नव्हतं त्यात.
मी होती तिथं.
पण माझा कागद नाही."

खडू हातातच राहिला.
रेडिओवरचा आकडा खोटा नव्हता,
मोकळ्या मैदानात, सावलीतल्या पांढऱ्या पेटीत
तेवढाच होता पारा.
टिनाखाली, मागाजवळ
पेटी ठेवायला कोणी गेलं नव्हतं, इतकंच.
हे मला सांगता आलं असतं.
मी हजेरी घेतली.

परवा त्यांनी वही आणली, पट्टीनं रेघा मारलेली.
जागा : मागाजवळ. उंची : चार फूट.
वेळ : अडीच. पारा : एकोणपन्नास.
"यंत्र नव्वद रुपयांचं आहे.
बरोबर दाखवते का, ते दुकानदाराले नका विचारू."

वाचणाऱ्याचं नाव : बेबी निनावे.
त्याखाली एक ओळ कोरी.
"अजून कोणीतरी येऊन पाहा जी," म्हणाल्या,
"मी एकटीच सांगून राहिली."