सुती मोजे

त्या हिवाळ्यात कॉलेजच्या मुलींनी
मैदानात शेकोटी पेटवली
आणि पायांतले रेशमी मोजे काढून
एकेक आगीत टाकले.
रेशीम जपानचं, पैसा जपानला, बॉम्ब चीनवर.
इतका सरळ हिशेब
कुणालाही कळण्यासारखा.

मलाही कळला.
रेशीम जळताना केसांसारखा वास येतो
हे मात्र त्यांना ठाऊक नसावं;
नाकं दाबून हसत होत्या.

मी कुंपणाबाहेर, काखेत जेवणाचा डबा.
त्यातले निम्मे मोजे आमच्या गिरणीचे.
बोटांपाशी जी बारीक शिवण असते ना,
दिसू नये म्हणूनच घातलेली,
ती माझी. चौदा वर्षं
सुयांच्या चक्रावर एकेक टाका चढवत
मी अनोळखी बायकांची पावलं मिटवली.
लुएलाची फी त्यातूनच जायची.
आणि लुएलाच पुढे होती, अनवाणी, बर्फात,
वाढदिवसाला मी दिलेला जोड हातात.

"तिथली लेकरं मरतायत, मिना.
त्यापुढे तुझी गिरणी ती काय?"

ती चुकीचं बोलत नव्हती.
तेच तर खुपलं.

सोमवारी फोरमननं पाटी लावली: आठवड्याला तीनच दिवस काम.

मार्चमध्ये चर्चनं भाताची मेजवानी ठेवली.
एक डॉलर, एक वाटी, बाकी सगळं चीनला.
काड्यांनी खाताना पाद्रीबाईंच्या मांडीवर शितं सांडली,
किती हसलो आम्ही.
काड्या धरायच्या कशा ते दाखवायला
सहाव्या रस्त्यावरच्या लाँड्रीतून मिस्टर मोयना बोलावलं होतं.
त्यांनी उभ्याउभ्याच दाखवलं.
बसा, असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.
दुसऱ्या दिवशी टेबलांवरच्या चादरी
धुवायला त्यांच्याकडेच गेल्या.

त्यांच्या गल्ल्याशेजारी कॉफीचा एक डबा,
झाकणाला चीर पाडलेली.
मी पाव डॉलर टाकला. तळाशी आपटल्याचा आवाज आला नाही,
म्हणजे डबा भरत आला होता.
आमच्या गावात चिनी माणसं जेमतेम नऊ.

"घरी कोण असतं?" मी विचारलं.
अठरा वर्षं कपडे टाकत होते, तेव्हा पहिल्यांदा.
"बायको. मुलगा, अकरा वर्षांचा. गाव नदीकाठी आहे."
"मग इकडे का नाही आणत? इतकं सगळं चाललंय..."
त्यांनी इस्त्री उचलली,
ओठांतून पाण्याचा फवारा कॉलरवर उडवला,
कॉलर कडक होईपर्यंत दाबली.
मग म्हणाले, "तुमचा कायदा."

तुमचा.
मी तर कधी मतदानालाही गेले नव्हते.

त्यानंतर मीही सुती मोजे घातले,
गुडघ्यापाशी गोळा होणारे, पोटऱ्या जाड दिसणारे.
कुणासाठी ते नीट सांगता येत नाही.
पुढे नायलॉन आलं, गिरणीनं श्वास घेतला,
मग नायलॉनही पॅराशूटला गेलं,
आणि चीन आमचा मित्र झाला, भिंतीभिंतींवर.

त्रेचाळीसच्या डिसेंबरात कायदा बदलला.
वर्तमानपत्र घेऊन मी पळतच लाँड्रीत गेले.
वर्षाला एकशे पाच माणसं, त्यात लिहिलं होतं.
अख्ख्या चीनमधून.
आमच्या एका पाळीला त्याहून जास्त बायका असायच्या.

मोयनी आकडा दोनदा वाचला.
कागदाची घडी केली, कपड्याची करतात तशी,
कडा जुळवून, आणि परत दिला.
मग माझं गाठोडं काढून ठेवलं:
दोन एप्रन, एक चादर.
बावीस सेंट.