झाकण

चिएंगसाहेबांनी ती आणली रविवारच्या बाजारातून.
टांगती कुंडी, तीन सुरया, पंच्याऐंशी रिंगिट.
पावती माझ्या टेबलावर ठेवली, "सजावट खाती टाक,"
आणि म्हणाले, "पाणी तू बघ, सिजेम.
तुमच्या डोंगरातलंच ना हे?"
सहा वर्षांत माझ्या गावाचा विषय
पहिल्यांदाच निघाला, तोही कुंडीवरून.

अकरावा मजला. खाली कुचिंगची नदी,
दूध जास्त झालेल्या चहासारखी.
आत एसी अठरावर, कारण साहेब कोट घालतात.
चोवीसवर ठेवूया म्हटलं, झाडासाठी.
पालथ्या घड्यावर पाणी.
तिसऱ्या आठवड्यात सुरया काठाकडून करपल्या.
नव्या पानांच्या टोकाला नुसता दोरा,
दोऱ्याच्या टोकाला मोहरीएवढी गाठ,
गाठ काळी.

आमच्याकडे घटपर्णी कुणी वाढवत नाही.
ती असते.
पाण्याच्या पाइपाशेजारी, पांढऱ्या वाळूत,
जिथे काकडीचा वेलसुद्धा धरत नाही.
म्हणून मला तिचं काहीच येत नव्हतं.
सागेनमामाला फोन केला, खत घालू का?
तो इतका हसला की त्याला ठसका लागला.
"जन्माची उपाशी ती. पंगतीला बसवशील तर मरेल."

मग पावसाचं पाणी, माइलोच्या डब्यात,
बसमध्ये मांडीवर धरून.
सहा वाजता साहेब गेले की कुंडी बाथरूममध्ये,
गरम पाण्याची बादली खाली, दार ओढून.
सकाळी परत हुकाला, पानं पुसून.
लिफ्टने मुंग्या येत नाहीत,
त्या मी घरून आणते, काड्यापेटीत.
एवढं मी माझ्या नवऱ्यासाठी केलं नाही,
तो म्हणतो. खरं आहे.

वाट बघणारे अशील तिच्याखाली बसतात
आणि आपोआप हळू बोलतात.
मुलं विचारतात, तोंड कधी मिटते?
मिटत नाही. झाकण पावसासाठी असतं,
आतला रस पातळ होऊ नये म्हणून.
"पण इथे तर पाऊस पडत नाही."
नाही पडत.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
सणाला आम्ही जुन्या, जाड सुरया धुऊन
त्यात चिकट तांदूळ भरतो, नारळाचं दूध ओततो,
उभ्या करून वाफवतो.
साल सोलून खायचं, बोटं चाटत.
जेवणाच्या सुट्टीत मी डब्यातल्या नूडल्स खाते
आणि सजावटीकडे बघते.

मार्चमध्ये सहाजण आले, चपला दाराबाहेर काढून,
कागद प्लास्टिकच्या पिशवीत.
पाइपाच्या वरच्या जमिनीचे मालक. सही करायला.
तो करारनामा मीच टाइप केला होता,
चौदा पानं, तीन प्रती.
रिगातआजोबांनी मान वर करून कुंडी पाहिली,
बराच वेळ,
आणि आमच्या भाषेत म्हणाले,
"तांदूळ आणायला हवे होते."
मी हसले. या खोलीत मी कधी हसले नव्हते.

साहेब दारात आले. "काय म्हणतायत?"
झाड छान आहे म्हणतात.
साहेब खूश. पेन शोधायला आत वळले.
तेवढ्यात मी म्हटलं, कुंडीकडे बघत,
आमच्याच भाषेत,
चष्मा घरी राहिला म्हणून सांगा.
आठव्या पानावर पाइपसुद्धा त्यांचा आहे.
"आता काय सांगितलंस?"
झाकणाला हात लावू नका म्हटलं.

आजोबांनी खिसा चाचपला, दुसरा चाचपला.
चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता,
तो त्यांनी शर्टाच्या आत सोडला.

गुरुवारी एक नवी सुरई उघडली.
फुगून, हिरवी, काठावर लाल रेघा,
झाकण आदल्या रात्रीच कधीतरी सुटलं होतं.
मी स्टुलावर चढून आत डोकावले.
बोटभर पाणी होतं, स्वच्छ.
ते मी घातलेलं नव्हतं.