पाच मागे, एक पुढे

भुसावळला रेल्वेच्या मैदानाभोवती गॅलरी नाही,
एक भिंत आहे, कमरेएवढी,
दिवसभर उन्हात भाजलेली.
पाच वाजता तिच्यावर बसायचं
तर बुडाखाली केळीचं पान लागतं.
तिथून आम्ही सुभान तडवीला प्रश्न विचारतो.

मास्तर पाठमोरा.
गळ्यात शिट्टी, हातात मिटलेली छत्री.
पस्तीस वर्षं केबिनमध्ये सांधे बदलले त्यानं,
दोन गाड्या कधी एका रुळावर येऊ दिल्या नाहीत,
आणि आता फुटबॉलही तसाच खेळवतो:
पाच मागे, चार मधे, एक पुढे.
पुढे एकटा वसीम पिंजारी,
होम सिग्नलला उभ्या मालगाडीसारखा,
कंट्रोलवाल्यांना आपली आठवण आहे की नाही
या विचारात.

‘मास्तर, अजून एक द्या ना पुढे!’
लीलाधर फेगडेचा आवाज
तिकीट खिडकीच्या जाळीवर घासून तयार झालेला.
‘गोल काय पार्सलनं येनार हाये का?’
पुना कोळी तर, ज्यानं उभ्या जन्मात
दगडालाही नीट लाथ मारली नाही,
त्याला विंगांची फार काळजी.
मास्तर छत्री या हातातून त्या हातात घेतो.
यापलीकडे उत्तर नाही.

सात सामने झाले.
पाच शून्य-शून्य.
एक हरलो, एक जिंकलो,
तोही त्यांच्याच बॅकच्या डोक्याला लागून.
घरी विचारतात, काय झालं आज?
आम्ही म्हणतो, काही नाही.
खरंच काही नाही.

रात्री शेवभाजीच्या गाडीवर आम्ही संघ मांडतो.
लिंबाची फोड गोलकीपर,
कांद्याचे काप मागे, फक्त तीन,
आणि पुढे मिरच्या, जितक्या बशीत असतील तितक्या.
या संघानं आम्ही मनमाडला हरवलंय,
इगतपुरीला तर दोनदा,
एका रात्री, रस्सा जरा जास्त झाला तेव्हा,
कलकत्त्यालाही.
मग गाडीवाला फडकं फिरवतो
आणि आमची मधली फळी पुसून नेतो.

शेवटचा सामना मनमाडशी.
सत्तरावं मिनिट, शून्य-शून्य,
भिंतीवरून तेच चाललेलं, अजून एक, अजून एक,
आणि मास्तर वळला.
वर्षभरात पहिल्यांदा आमच्याकडे तोंड.
वेळापत्रकात नसलेली गाडी यावी
तसं त्यानं आम्हाला पाहिलं, बराच वेळ.
मग पाचव्या बॅकला बाहेर बोलावलं
आणि लोको शेडचा अप्रेंटिस, चेतन भिरूड,
शर्ट खोचत खोचत आत पळाला,
पुढे.

काय सांगू.
दहा मिनिटं आम्ही बसलोच नाही.
वसीमला बोलायला कुणी मिळालं होतं.
चेतनचा एक फटका खांबाला लागला,
तो ठणका, पुना म्हणतो, त्याच्या आईनं
लिंपस क्लबपर्यंत ऐकला.
पानं खाली पडून तुडवली गेली.

मग मनमाडचा एक लांब चेंडू,
जिथं आमचा पाचवा उभा असायचा
नेमका त्या गवतावर.
आणि चार मिनिटांनी आणखी एक, तिथूनच.

पुलापर्यंत कुणी बोललं नाही.
पुलावर लीलाधर थांबला, नाक शिंकरलं, म्हणाला,
‘पन आपलं आयकाले कोनी सांगितलं होतं त्याले?
कोच हाये का कोन हाये?’
बरोबर, आम्ही म्हणालो.
कुणीही ओरडावं आणि यानं बदलावं.
माणसाला स्वतःचं डोकं पाहिजे.

मी सायकल विसरलो होतो म्हणून परतलो.
मास्तर एकटाच कोपऱ्याचे झेंडे उपटत होता,
माती झटकून एकावर एक ठेवत.
मला ओळखलं, आवाजावरूनच असणार.
‘ते दहा मिनिटं,’ तो म्हणाला, ‘बरे होते ना रे?’

एवढी वर्षं भिंतीवर बसलो,
मला कुणी काही विचारलं नव्हतं.

‘होते,’ मी म्हणालो.
‘पन मास्तर, मागे लय मोकळं पडलं.’

त्यानं छत्री या हातातून
त्या हातात घेतली.