ढ ते न

धुळ्यात, पाचव्या गल्लीत, मे महिन्यात
माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली असतं.
ऊन बाहेर थांबावं, गिऱ्हाइकानं वाकून यावं.
झुलाल आप्पा बिरारी वाकले नाहीत,
त्यांची उंचीच तेवढी उरलेली.
मागे हमालाच्या डोक्यावर
सूतगिरणीच्या लिलावात घेतलेला संगणक,
आणि आप्पांच्या हातात पापडाचा डबा,
डब्यात चौदा फ्लॉप्या.
प्रत्येकीवर चिठ्ठी, निळ्या शाईची:
अ ते अः. क, ख. ग ते ङ.

गिरणीत ते टाइमकीपर होते.
पाळी सुटली की रिकाम्या ऑफिसात
एकेक अहिराणी शब्द टाइप करत बसायचे,
अकरा वर्षं. गिरणी बंद पडली त्या आठवड्यातसुद्धा.
"आते हाई बठ्ठं नवामा टाक," म्हणाले,
आणि स्टुलावर बसले ते बसलेच.

जुनं यंत्र चालू केलं.
त्याच्या पोटातली बॅटरी कधीच मेलेली,
त्याला वाटतं आज एक जानेवारी, एकोणीसशे ऐंशी.
"तव्हय मन्हा केस काया व्हतात,"
आप्पा म्हणाले, कूलरच्या खरखरीत.

सुरतेहून मागवलेला ड्राइव्ह
फ्लॉपी गिळताना घशात हाड अडकल्यासारखा करतो.
नव्या पडद्यावर उतरलं ते भलतंच:
टोपी घातलेले ए, शेपटीचे सी,
मधेच एखादा दंड, एकटा, वेशीवरच्या दगडासारखा.
जुन्या फॉण्टचा हिशेबच वेगळा.
तिथे ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करायची, अक्षर मागून;
भिंतींआधी छप्पर.
दोन रात्री जागून मी उलटवायचा प्रोग्रॅम लिहिला,
तरी रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसायचा.
तो उचलायचा, घरी सोडायचा. परत पुढचा.

तिसऱ्या दिवशी शब्द शब्दांसारखे दिसू लागले
आणि प्रत्येकाखाली लाल नागमोडी रेघ.
"ह्या लाल रेघा कसान्या शेतस?"
मी म्हटलं, आप्पा, मशीनला वाटतं
हे सगळं चुकलंय.
"मन्हा मास्तर बी आश्याच वढे."
चष्मा पुसला. रागावले नाहीत.
रेघा बंद करायची सोय असते,
ती मला सापडेपर्यंत
ते बोटानं पडद्यावरचा एकेक शब्द चाचपत राहिले.

नववी फ्लॉपी वाचली गेलीच नाही.
स्पिरिट लावलं, कापूस फिरवला, सात वेळा घातली.
तबकडीवर बुरशीचं गोल नाणं.
चिठ्ठीवर: ढ ते न.
आप्पांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.
"मास्तर माले ढ च म्हणे," एवढंच.

मग डोळे मिटून सांगायला लागले, मी टाइप करायला.
दख. दादला.
धल्ला — याचा अर्थ सांगितला नाही,
छातीवर हात ठेवला.
चाळीसेक झाले आणि विहीर आटली.
वीजही गेली, यूपीएस कोकलायला लागला,
त्या आवाजात त्यांनी कापडण्याला फोन लावला, स्पीकरवर:
केवळबाई, ध चा शब्द सांग एखादा.

"माले काय इचारतस?
भाकर थंडी व्हयनी.
धुयाथीन कव्हय येतस?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
ज्या गावात बसून तीन दिवस शोधतोय
तेच गाव राहिलं होतं.
मी टाइप केलं: धुये.
मशीननं नम्रपणे सुचवलं: धुणे? धुके?
आप्पा म्हणाले, तिला विचार,
दोन्हींत शेवटची एसटी थांबते का.

'शब्दकोशात जोडा' वर मी बोट दाबलं.
फोन चालूच होता; तिकडे ताटली वाजत होती,
कुणी कुणाला तरी हाका मारत होतं,
आणि आप्पा, कान देऊन,
हळूच मला म्हणाले: लिही.