पुढचा थांबा

मेंदूत काही नाही,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणूनच.
फुफ्फुसातलं विझलंय; पण ठिणगी
कधीकधी वर चढते.

लुडविका हसली. चाळीस वर्षं
बिटोमची ट्राम हाकली मी,
रुळांवर कुणी नसतानाही घंटा वाजवायचे.

जाळीचा मुखवटा कोमट पाण्यातून काढून
चेहऱ्यावर ताणला, टेबलाला खिळवला.
दहा दिवस.
आत ती थांबे म्हणायची, ओठ न हलवता:
बाजार, खाणीचं गेट, शाळा, दफनभूमी, डेपो.

मार्चमध्ये केस परतले, करडे, मऊ.
आम्ही ट्राममध्ये बसलो, प्रवासी म्हणून.
बाजार, म्हणाली. खाणीचं गेट. शाळा.
मग अडली.
“पुढचा कुठला रे, झिग्मुंट?”

“लांब आहे अजून,” मी म्हणालो
आणि खिडकीकडे सरकलो,
फाटक तिला दिसू नये इतका.