शीट क्रमांक सात

बेशातली गॅलरी पडली तेव्हा
खाली कुणी नव्हतं.
सोबत गेला एक कूलर
आणि परातीत वाळत ठेवलेल्या मुंगवड्या.

सही तुमचीच? वकील विचारतात.
माझीच.
सळई मी बारा एमेमची दाखवली होती,
ढोक ठेकेदारानं आठची बांधली,
आणि स्लॅबच्या मंगळवारी
मी साइटवर गेलेच नाही.
सेहेचाळीस डिग्री होतं नागपुरात.
ऊन होतं, हे काही म्हणणं नव्हे;
टंकलेखकही थांबतो, लिहीत नाही.

बाहेर कडुलिंबाखाली वच्छलाबाई खोब्रागडे.
म्याडम, आता वड्या कुठी वाळू घालू जी?
गच्ची आहे ना, मी म्हणते.

हाये ना.
पण तेही तुमच्याच सहीची.