डिकीतलं बटण

"फक्त चावी दे, फिलोमेना. स्टार्टर नको."
मागच्या सीटवर कान टेकून पडलाय लिअँडर.
पंप दोन सेकंद घुमायला हवा.
घुमत नाही.

फ्यूज शाबूत.
हॉर्नचा रिले उपटून पंपाला लावला, तरी तेच.
पेट्रोलच्या नळीवर गेज बसवला:
काटा शून्यावर, गाढ.
बत्तीस वर्षांची फोर्ड. बंपरच्या फटीत अजून
मूस हरणाचे राठ केस.

ती खाली उतरते, हात कोटात.
"तो उठला रे. अंग झटकलं, गेला झाडीत.
मीच राहिले रस्त्यात."

तो गाडीखाली सरपटतो.
टाकीची शिवण चाचपतो, नळी बोटांनी मोजत येतो पुढे,
कुठे चेपली नाही, कुठे ओल नाही, वास नाही.
हे आधी. घाई कितीही असो, हे आधी.
त्याच्या बापाचा उजवा कान
वितळल्यासारखा होता.

मग डिकी.
रस्त्यावर टाकायचं मीठ, गुंता झालेली जाळी,
एकाच पायाचा गमबूट, तिच्या मापाचा नसलेला.
तो उचलून हळूच बाजूला ठेवतो,
डावीकडचं अस्तर सोलतो.
लाल बटण वर आलेलं.

"हादरा बसला की हे उडतं.
पेट्रोल तोडतं. मोडलेलं काही नसतं तेव्हाही.
कुणी दाबेपर्यंत तसंच."
"एवढंच?"
"एवढंच."
"अकरा दिवस झाले, लिअँडर."

गँडरच्या बाजूने धुकं सरकतंय.
तो बटण दाबत नाही. वाट देतो.
फिलोमेना दातांनी
हातमोजा ओढते.